पंधरा दिवसांत हरकत

बायडाबाईवर अन्याय झाला. गेल्या कार्तिकातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वादोन ते पावणेतीनच्या दरम्यान. त्या वेळी बायडाबाई आटपाडीच्या पुढच्या एका माळावर मेंढरांमागे होत्या आणि त्यांना याची काही खबर नव्हती. अर्ध्या तासात त्यांचं नाव, त्यांचा चेहरा आणि त्यांचे हात दुसऱ्याच्या मालकीचे झाले. कुठं पानसुद्धा हललं नाही.

वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण एका माणसानं ती वहीत लिहून ठेवली होती. त्या माणसाला आम्ही भाऊसाहेब म्हणायचो. आमच्याकडं तलाठ्याला सगळेच भाऊसाहेब म्हणतात, मग तो कसाही असो. हे रिटायर होऊन कैक वर्षं झाली होती, तरी त्यांचं भाऊसाहेबपण सुटलं नव्हतं आणि तलाठीपण तर मुळीच नाही. त्यांचं खरं नाव मी इथं घालत नाही. ते असते तर म्हणाले असते, नाव घालायच्या आधी नोटीस कुठाय.

माझ्याबद्दल एवढंच. मी पत्रकवाली. मेंढपाळांच्या चराऊ रानासाठी भांडणाऱ्या एका संघटनेत काम करते. आमच्यात पहिल्याच दिवशी शिकवतात, एक पत्रक, एक मागणी. दोन मागण्या घातल्या की लोक दोन्ही विसरतात. ही शिकवण माझ्या अंगात भिनलेली आहे, आणि तीच पुढं बायडाबाईला भोवली.

रिटायर झालेली माणसं आमच्याकडं ऊस बघतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. भाऊसाहेबांनी कराडात कॉम्प्युटरचा क्लास लावला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये पहिल्या बाकावर बसून ते वेबसाईट करायला शिकले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "हितनं फुडं लोकांची मिळकत रानात ऱ्हाणार न्हाई. पडद्यावर जाणार. तिथं तलाठी कोण हाय?"

तिथं तलाठी कोणीच नव्हता. म्हणून ते झाले.

कॉलेजच्या रस्त्याला, झेरॉक्सच्या दुकानामागची एक खोली त्यांनी घेतली होती. बाहेर पाटी होती, "वेबसाईट करून मिळेल." खाली बारीक अक्षरात, "चौकशी करूनच करून मिळेल." आत एक कॉम्प्युटर, एक लोखंडी कपाट आणि कपाटात कापडात बांधलेलं दप्तर. प्रत्येक वेबसाईटचं वेगळं. खिशाला दोन पेनं, निळं आणि लाल. गिऱ्हाईकानं चहा मागवला की ते उठून बाहेर जायचे आणि त्याचा चहा पिऊन झाला की परत यायचे. "चहा घेतला की नोंद द्यावी लागती," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नोकरीतही ते असंच वागले असणार, कारण खंडाळ्यापासून जतपर्यंत एकही तालुका त्यांच्या बदल्यांतून सुटला नव्हता.

त्यांच्या वेबसाईटी बघण्यासारख्या असत आणि बघवत नसत. एका बेकरीच्या वेबसाईटवर केकच्या फोटोआधी चतुःसीमा होती. पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस पिठाची गिरणी, दक्षिणेस गटार, उत्तरेस मालकाच्या चुलत्याचे घर, वाद चालू.

बेकरीवाला कळवळून म्हणाला, "भाऊसाहेब, गटार कशाला घातलंय?"

"हाय का न्हाई?"

"हाय."

"मग?"

त्याखाली 'इतर हक्क'. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी हा रकाना असतो. ज्यांचा त्या जमिनीशी संबंध आहे, पण मालक म्हणून ज्यांचं नाव नाही, त्यांची नोंद तिथं होते. कूळ असतं, बँकेचा बोजा असतो, कधी एखादी बहीण असते. बेकरीच्या त्या रकान्यात भट्टीवर राबणाऱ्या दोघांची पूर्ण नावं होती. ते दोघं आपापल्या मोबाईलवर नाव काढून बायकोला दाखवत, एवढाच त्या वेबसाईटचा उपयोग झाला असावा.

पण माणसं खरी वैतागायची ती फेरफाराला. गावात जमिनीच्या नोंदीत बदल करायचा तर तलाठी आधी सगळ्या संबंधितांना नोटीस देतो, चावडीवर कागद लावतो, पंधरा दिवस थांबतो. कुणाची हरकत आली नाही तरच नोंद पक्की होते. भाऊसाहेब वेबसाईटला हेच करायचे. फोटो बदलायचा आहे? नोटीस. फोन नंबर बदलायचा आहे? नोटीस, खोलीच्या दाराला कागद, पंधरा दिवस. एका कापडवाल्याची संक्रांतीची जाहिरात त्यांनी रीतसर नोंद करून रथसप्तमी उलटल्यावर लावली होती.

त्यांची पीकपाहणी वेगळीच. वर्षातून दोनदा, खरिपाला आणि रब्बीला, ते गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन वेबसाईटवर लिहिलंय ते तिथं उभं आहे का हे बघायचे. एका खानावळीच्या वेबसाईटवर 'घरगुती जेवण' असं होतं. भाऊसाहेब सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथं पगारी आचारी कांदा चिरत होता. मालकीणबाई गल्ल्यावर होत्या.

"हे घरचे हायत का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"आवं, घरच्यासारखेच हायत," मालकीणबाई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी वेबसाईटवर 'घरगुती पद्धतीचे जेवण' आलं, आणि इतर हक्कात आचाऱ्याचं नाव. मालकीणबाईंनी वेबसाईटच बंद करून टाकली. भाऊसाहेब मला म्हणाले, "बंद करायचा त्यास्नी हक्क हाय. खोटं चालू ठेवायचा न्हाई."

मी हसले होते. कराडात सगळेच हसायचे.

ते असे का झाले, हे मला त्यांनी एकदाच सांगितलं. कडेगावच्या एसटीत, खिडकीकडं तोंड करून. नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी वरून कुणाचा तरी निरोप आला आणि त्यांनी एक फेरफार नोटिशीवाचून, एका दुपारी, ओढून दिला होता. चार भावांची एक बहीण त्या नोंदीत गळाली. पुढं कैक वर्षांनी बदली फिरून त्याच गावात झाली, तेव्हा ती बाई चावडीवर आली. भांडली नाही. पायरीवर बसून म्हणाली, "भाऊसाहेब, मला वाचता येत न्हाई. त्यात माझं नाव हाय का तेवढं वाचून दावा." त्यांनी उतारा काढला आणि सगळी नावं वाचली. ती म्हणाली, परत एकदा वाचा. त्यांनी परत वाचली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. त्यांची बदली होईपर्यंत ती येत राहिली आणि ते वाचत राहिले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. कागदावर नसल्यालं नाव वाचायचं कसं?" एवढं बोलून त्यांनी कंडक्टरला उगाचच विचारलं, पुढचा थांबा कुठला म्हणून.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी पुढचं केलं.

बायडाबाईच्या वस्तीवर त्यांना धरून नऊ बायका लोकर कातत. आमच्या पूर्वेकडच्या काळ्या मेंढ्यांची लोकर जाड असते, हाताला टोचते. हल्ली कातरली की ओढ्यात टाकून देतात. या नऊ जणींनी ती टाकायची थांबवली. सूत कातायचं, शेजारच्या गावच्या सणगराच्या मागावर विणून घ्यायचं, चिंचोक्याची खळ द्यायची, उन्हात वाळवायचं. घोंगडं अस्सल, पण घ्यायला गिऱ्हाईक नाही. म्हणून ऑनलाईन विकायचं ठरलं आणि मी दोन माणसं वस्तीवर बोलावली. कराडहून भाऊसाहेबांना. आणि दुसरा एक, जो पूर्वी शिरवळच्या एका कंपनीत होता आणि आता पुण्यात बसून लोकांना लँडिंग पेजं करून देत होता.

शाळेच्या पडवीत बायका बसल्या. पुण्याच्या माणसानं समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं, हे मला मान्य केलंच पाहिजे. वेबसाईट म्हणजे पाच खोल्यांचं घर, आलेला माणूस आत फिरत बसतो आणि काही न घेता निघून जातो. लँडिंग पेज म्हणजे एकच खोली. एक फोटो, एक ओळ, एक बटन. बटन दाबलं की थेट मावशींना फोन.

भाऊसाहेबांनी बायकांसाठी मराठी करून सांगितलं. "लँडिंग म्हंजे उतरणं. तवा आपुन त्येला उतारा म्हणू."

"उतारा नगं बया," बायडाबाई म्हणाल्या. "उतारा तिकटीवर ठेवत्यात, लिंबू आन भात. त्येला कोण हात लावतंय?"

पुण्याचा म्हणाला, "मावशी, लाखो लोक हात लावतील."

"मग त्यास्नी बाधंल की."

नऊच्या नऊ जणी हसल्या. पुण्याचाही हसला. भाऊसाहेब हसले नाहीत. त्यांनी लाल पेन काढलं आणि विचारलं, "ह्या पानाचा खातेदार कोण?"

"काका, पेज आमच्याच सर्व्हरवर असतं. टेन्शन नका घेऊ."

"मी टेन्शन इचारलं न्हाई. खातेदार इचारला."

"म्हणजे पेज आमचं, माल मावशींचा."

"आन पानात बदल करायचा झाला तर?"

"दोन मिनिटांत होतो," तो अभिमानानं म्हणाला.

भाऊसाहेबांनी वहीत लिहिलं, 'दोन मिनिटांत'. मग वर बघून म्हणाले, "नोटीस कुणाला?"

"कसली नोटीस?"

इथं मी बोलले. माझं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं, विसरायचा प्रयत्न करूनही. मी म्हणाले, "भाऊसाहेब, दिवाळी तोंडावर आलीय. तुमची नोटीस निघून नोंद होईपर्यंत थंडी संपेल. यांच्याकडं माल एकच आहे, मग पानही एकच पाहिजे. नऊ बायकांची नावं वाचायला कुणाला वेळ नाही. एक चेहरा ठेवा, लोकांच्या लक्षात राहील."

एक पत्रक, एक मागणी.

चेहरा बायडाबाईचा ठरला. हनुवटीवर गोंदण, हातात सूत कातायची चाती, मागं काळी मेंढरं. पुण्याच्या माणसानं फोटो काढला, अटी बायडाबाईच्याच फोनवर पाठवल्या आणि खाली 'मान्य आहे' असं बटन आलं. बायडाबाईनं दोनदा दाबून बघितलं. काही होईना. लोकर ओढून ओढून त्यांची बोटं अशी गुळगुळीत झाली होती की पडद्याला ती लागतच नव्हती.

"तूच दाब बाई," त्या म्हणाल्या. "माझं बोट त्येला कळत न्हाई."

मी दाबलं.

भाऊसाहेबांनी तिथंच वहीचा कागद फाडला आणि लिहून माझ्या हातात दिला. "सदर पानास माझी हरकत आहे. कारण, इतर हक्काचा रकाना नाही आणि फेरफाराची नोटीस नाही. सबब नोंद घ्यावी." खाली सही, वार, वेळ. पुण्याचा माणूस तेव्हाच म्हणाला, "ताई, फोटोखाली एक ओळ द्या ना, तुमचा हात चांगला आहे." माझ्याकडं दुसरा कागद नव्हता. मी त्या हरकतीच्याच पाठीवर लिहिलं, "बायडाबाईच्या हातची. एकदा पांघरून बघा."

तो कागद अजून माझ्याजवळ आहे. एका बाजूला ते, एका बाजूला मी.

पान चाललं. खोटं का बोलू, धडाक्यात चाललं. बायडाबाईचा फोन वाजायचा थांबेना. मेंढरांमागं असताना त्या फोन कानाला लावून लांबच्या लांब बायकांना सांगायच्या, "टोचतंय बरं का. पयल्यांदा लय टोचतंय. मग सवय हुतीया." हे ऐकूनही लोक घ्यायचे. एका बाईनं तर सांगितलं म्हणे, मावशी, घोंगडं राहू द्या, तुमचं बोलणं ऐकायला फोन केला. पण सूत हातानंच कातायचं होतं. लोक थांबायला लागले. घोंगडं काही दोन मिनिटांत होत नाही.

हरकत नोंदवूनही भाऊसाहेब त्या पानाची पीकपाहणी करत होते. वर्षातून दोनदा नाही, रोज, जेवणानंतर. माझी वेबसाईट नसली म्हणून काय झालं, सज्जा माझाच हाय, म्हणायचे. सज्जा म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतली गावं. त्या सोमवारी सव्वादोनला त्यांनी पान उघडलं, तेव्हा बटनामागं बायडाबाईचा नंबर होता. ते डबा धुवायला गेले, झेरॉक्सवाल्याशी दोन शब्द बोलले आणि पावणेतीनला परत येऊन बसले. वहीत नोंद आहे, "फोटो तोच. ओळ तीच. नंबर दुसरा."

त्यांनी मला फोन केला. मी पुण्याला केला.

"ताई, मावशींना ऑर्डरी झेपत नव्हत्या," तो शांतपणे म्हणाला. "कस्टमर पळाले असते. आम्ही दुसरा सप्लायर जोडला. कस्टमर वाचवले आपण."

"आपण कोण? फोटो बायडाबाईचा आहे."

"पेज आमचं आहे. फोटोची परवानगी तुम्हीच दिलीत की. बटन तुम्ही दाबलंत."

मी दाबलं होतं. तो शिवी देता तर बरं झालं असतं. तो खरं बोलला.

तक्रार करायला आम्ही दोघं एका कचेरीत गेलो. कुठल्या, ते लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कचेरीत हेच झालं असतं. भाऊसाहेब इस्त्रीचे कपडे घालून, दप्तर बगलेत मारून आले होते. टेबलामागच्या साहेबानं सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. त्यानं विचारलं, "घटनास्थळ कुठलं?"

"पान," भाऊसाहेब म्हणाले.

"ते कळलं हो. पण ते पान कुठल्या हद्दीत येतं? बाई आटपाडीकडच्या, तुम्ही कराडचे, तो पुण्याचा, सर्व्हर कुठं तिसरीकडं. मी कुठली हद्द लिहू?"

ज्या माणसानं बेकरीचं गटारसुद्धा सोडलं नव्हतं, त्याला त्या दिवशी चतुःसीमा सांगता आली नाही. त्यांनी दप्तर सोडलं, पानं उलटली, परत बांधलं. साहेबानं चहा मागवला. भाऊसाहेब उठून बाहेर गेले नाहीत. समोर आलेला चहा त्यांनी गुपचूप प्यायला. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

यानंतर एखाद्याला वाटेल, खोटा माल गेला म्हणजे लोक बोंब मारतील. मलाही तेच वाटलं होतं. मी रोज त्या पानाखालचे अभिप्राय वाचायची, एक तरी माणूस चिडलेला सापडेल म्हणून. लोकांनी लिहिलं होतं, "खूप मऊ आहे." "अजिबात टोचत नाही." "असली कला जपली पाहिजे." आणि एकानं, "मावशींना नमस्कार."

वस्तीवरच्या शाळेतल्या गुरुजींनीही त्या पानावरून एक मागवलं. कौतुकानं. शेजारच्या बाईचा धंदा, आपण हातभार लावावा म्हणून. पार्सल आल्यावर ते बायडाबाईला दाखवायला घेऊन गेले. बायडाबाईनं घडी उलगडली, गालाला लावली आणि परत घडी घातली.

"ह्ये माझं न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्ये टोचत न्हाई."

"मावशी, मग बरंच आहे की," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून वस्ती विचारायला लागली, बायडे, गिरणी टाकलीस व्हय? कातणाऱ्या बाकीच्या आठ जणींना वाटलं, बायडीनं पुण्यात परस्पर काहीतरी जुळवलंय आणि आपल्याला तोडलंय. चेहरा तिचाच होता ना पानावर. त्यांची तर नावंही नव्हती. मी जाऊन सांगितलं, शपथेवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जसं आमच्या सभांमध्ये ऐकून घेतात तसं. यंदाची लोकर ओढ्यात गेली. बायडाबाईची चाती आढ्याला खोचलेली आहे. मला बघितलं की त्या अजून "ये बाई" म्हणतात, आणि त्याचंच मला जास्त लागतं.

भाऊसाहेबांनी तोवर वेबसाईट पुरी केली होती. आम्ही नको म्हटलेली, तीच. नऊ जणींच्या नावावर. सगळ्यांना नोटिसा देऊन, पंधरा दिवस थांबून. चतुःसीमा आहे. खातेदारांत नऊ नावं आहेत. इतर हक्कात सणगराचं नाव आहे, मेंढरं कातरणाऱ्यांची आहेत, आणि शेवटी एक ओळ, "चराईचा हक्क, वाद चालू." मी वर्षानुवर्षं पत्रकं काढून जे सांगते आहे ते त्यांनी चार शब्दांत लिहून ठेवलंय. घोंगड्याच्या वर्णनात पहिलंच वाक्य, "हे टोचते." वेबसाईट अजून उघडते. तिच्यात एकही खोटा शब्द नाही आणि तिच्याकडं एकही माणूस फिरकत नाही. घोंगडी म्हणून शोधलं की पहिलं येतं ते दुसरं पान.

मी अजूनही म्हणते, एकाच मालाला एक पान पुरतं. यात माझं चुकलं नव्हतं. पान एक करायचं का पाच, यावर आम्ही पडवीत तासभर भांडलो. पान कुणाच्या नावावर, हे एकट्या भाऊसाहेबांनी विचारलं, आणि मी त्यांना दिवाळी दाखवली.

शेवटचे काही महिने त्यांनी एकच काम धरलं होतं. रोज दुपारी सव्वादोनला ते पान उघडायचे, बटन दाबायचे आणि फोन लागला की म्हणायचे, "बायडाबाईंना फोन द्या."

पलीकडची मुलगी म्हणायची, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत, सर. मी काय मदत करू?"

"थांबतो मी."

ती फोन ठेवायची. ते वहीत नोंद करायचे. त्यांचा नंबर अडवला गेला, तेव्हा झेरॉक्सवाल्याच्या फोनवरून केला. मग बेकरीवाल्याच्या, मग कॉलेजच्या मुलांच्या. मुलं त्यांना हसायची आणि फोन द्यायची. मी एकदा चिडून म्हणाले, "भाऊसाहेब, असल्यानं काय होणार आहे?"

"हरकतीची मुदत हाय अजून," ते म्हणाले.

"पंधरा दिवस कधीच उलटले."

"नोटीस दिल्यापासनं पंधरा दिवस," ते म्हणाले. "नोटीस कुटं दिलीया त्यांनी?"

वैशाखात ते गेले. त्याच्या आठ दिवस आधी त्यांनी मला बोलावून रीतसर चार्ज दिला होता. दप्तराची यादी, वेबसाईटचा पासवर्ड, दोन पेनं, वही. मी यादीखाली 'चार्ज घेतला' असं लिहून सही केली. मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखावं.

आता सव्वादोनला मी फोन करते. पलीकडच्या मुलीला माझा आवाज ओळखू यायला लागला होता. गेल्या आठवड्यात माझा नंबर अडवला. आईचा अडवला. संघटनेतल्या पाचजणांचे अडवले.

तुमचा अडवलेला नाही. ते पान शोधायला कष्ट नाहीत, पहिलंच येतं. हनुवटीवर गोंदण, हातात चाती, मागं काळी मेंढरं, खाली माझी ओळ. काही विकत घेऊ नका. अभिप्राय लिहू नका. दुपारी सव्वादोनला बटन दाबा, आणि फोन उचलला की एवढंच म्हणा, बायडाबाईंना फोन द्या. मीटिंगमध्ये आहेत असं सांगतील.

थांबा तुम्ही.